घनहस्त आणि मठाचे माप

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील खातव्यवहारात एक लहानसे उदाहरण आहे. दहा हात व्यासाचा आणि पाच हात खोलीचा एक वाटोळा, सरळ काठांचा खड्डा आहे. त्याचे घनफळ किती, असा प्रश्न तेथे विचारला आहे. आजच्या परिभाषेत ही वृत्तचिती होय. उत्तर काढण्याची रीत सरळ आहे. व्यासाचा चतुर्थांश घेऊन त्यास परिघाने गुणावे, म्हणजे वर्तुळाचे क्षेत्रफळ मिळते. त्यास खोलीने गुणावे, म्हणजे घनफळ मिळते. परिघ काढण्यासाठी ग्रंथात दोन प्रमाणे दिली आहेत. व्यासास ३९२७ ने गुणून १२५० ने भागणे हे सूक्ष्म, आणि २२ ने गुणून ७ ने भागणे हे स्थूल. पहिल्या प्रमाणाने वरील खड्ड्याचे घनफळ ३९२.७ घनहस्त येते, दुसऱ्याने ३९२.८६. दोन्हींतील अंतर एक घनहस्ताच्या षष्ठांशाहूनही कमी आहे.

शके १०७२ मध्ये, म्हणजे इ.स. ११५० मध्ये, सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेल्या विज्जलविड येथील या ग्रंथकाराने वृत्तचितीचे घनफळ ज्या अचूकतेने सांगितले, त्याहून अधिक अचूकतेची गरज व्यवहाराला आजही क्वचितच भासते. गणिताचा प्रश्न येथे संपला, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ३९२.७ घनहस्त म्हणजे धान्य किती, हे विचारताच निराळाच प्रश्न उभा राहतो. तो रीतीचा नसून एककाचा आहे; आणि त्याचा इतिहास रीतीच्या इतिहासापेक्षा पुष्कळ अधिक गुंतागुंतीचा आहे. गुणाकाराची रीत एकदा सापडली की ती सर्वांची होते. एकक मात्र दीर्घकाळ कोणाच्या तरी मालकीचे राहते. हा भेद स्पष्ट करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

प्रथम परिभाषेकडे पाहू. 'खात' म्हणजे खणलेले. 'वेध' म्हणजे खोली, आणि राशीच्या प्रकरणात तोच शब्द उंचीसाठीही येतो. ज्याची रुंदी वरपासून तळापर्यंत सारखी आहे ते 'समखात'. त्याच्या घनफळाचा तृतीयांश ते 'सूची'चे, म्हणजे निमुळत्या होत जाऊन बिंदूत मिटणाऱ्या आकृतीचे घनफळ. वर सांगितलेल्या वाटोळ्या खड्ड्याच्या सूचीचे घनफळ म्हणूनच १३०.९ घनहस्त होते. 'चिती' हा शब्द ग्रंथाच्या पुढील प्रकरणात विटांच्या रचलेल्या ढिगासाठी योजिला आहे. आजच्या मराठी पाठ्यपुस्तकांतील 'वृत्तचिती' या शब्दाचा उत्तरार्ध तोच आहे. या संज्ञांकडे पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. भास्कराचार्यांपुढे जो घन होता तो कागदावर रेखाटलेला नव्हता. तो खणलेला, रचलेला किंवा ओतलेला होता. खड्डा मजुरीसाठी मोजावयाचा, चिती विटांसाठी आणि राशी धान्यासाठी. घनफळ हे प्रत्येक ठिकाणी देण्याघेण्याचे मूळ होते.

यामुळेच ग्रंथाच्या आरंभीच्या परिभाषा-प्रकरणात लांबीचे माप आणि धान्याचे माप यांना जोडणारा एक दुवा मुद्दाम दिला आहे. आठ यवांचे एक अंगुळ, चोवीस अंगुळांचा एक हात. एक हात लांब, एक हात रुंद आणि एक हात खोल असा बारा कडांचा घन तो घनहस्त. आणि धान्य मोजताना हाच घनहस्त म्हणजे शास्त्राने सांगितलेली मागध खारी होय, असे तेथे म्हटले आहे. खारीचा सोळावा भाग द्रोण, द्रोणाचा चौथा भाग आढक, आढकाचा चौथा प्रस्थ आणि प्रस्थाचा चौथा कुडव. म्हणजे एका खारीत १६ द्रोण, ६४ आढक, २५६ प्रस्थ आणि १०२४ कुडव होतात. वरील वाटोळ्या खड्ड्यात धान्य भरले तर ते ३९२.७ खाऱ्या भरेल, इतके सोपे हे गणित आहे.

या दुव्याचे महत्त्व फार मोठे आहे. द्रोण, आढक, प्रस्थ ही मुळात भांड्यांची मापे आहेत. संस्कृतात 'द्रोण' म्हणजे लाकडी डोणी, मोठे पात्र; मराठीत आज तोच शब्द पानाच्या लहानशा वाटीसाठी उरला आहे. भांडे हे स्वतःच स्वतःचे प्रमाण असते. त्याचा व्यास किती आणि उंची किती हे कोणी विचारीत नाही. ते भरले की एक झाले. हाताने मोजलेली लांबी मात्र गुणता येते, तिचा वर्ग करता येतो, घन करता येतो. घनहस्त म्हणजेच खारी असे म्हटल्याने भांड्यांचे जग संख्यांच्या जगाशी जोडले गेले. ज्या कणगीत धान्य आहे ती रिकामी न करताही तिच्यातील धान्य किती हे दोरीच्या साहाय्याने सांगता येऊ लागले.

तथापि हा दुवा जितका उपयुक्त तितकाच नाजूक होता. 'शास्त्राने सांगितलेली' आणि 'मागध' ही दोन्ही विशेषणे अर्थपूर्ण आहेत. सह्याद्रीच्या पायथ्याशी लिहिणारा ग्रंथकार मगधाच्या नावाने ओळखली जाणारी खारी प्रमाण म्हणून देतो, याचा अर्थ सर्वत्र एकच खारी चालत नव्हती, असा घ्यावा लागतो. शिवाय हातही सर्वत्र सारखा नव्हता. समजा, एका गावचा हात दुसऱ्या गावच्या हातापेक्षा एका अंगुळाने मोठा आहे, म्हणजे चोवीसऐवजी पंचवीस अंगुळांचा आहे. लांबीत हा फरक सुमारे चार टक्क्यांचा असल्याने कापड मोजताना तो फारसा बोचणार नाही. परंतु घनफळात तो तीनदा गुणला जातो. पंचविसाचा घन १५,६२५ आणि चोविसाचा घन १३,८२४. त्यांचे गुणोत्तर १.१३ आहे. सोळा द्रोणांच्या खारीच्या जागी अठरा द्रोणांची खारी तयार होते. वरच्या उदाहरणातील खड्डा या मोठ्या हाताने दहा व पाच हात भरला, तर त्यात लहान हाताच्या हिशेबाने ५१ खाऱ्या धान्य अधिक मावेल.

आता दोन चुका शेजारी ठेवून पाहाव्यात. ३९२७ व १२५० यांच्याऐवजी २२ व ७ वापरल्याने होणारी चूक संपूर्ण खड्ड्यात अडीच द्रोणांची आहे. हाताच्या लांबीत एक अंगुळ इकडेतिकडे झाल्याने होणारी चूक आठशेहून अधिक द्रोणांची आहे. परिघाच्या प्रमाणाची सूक्ष्मता हा गणितेतिहासाचा आवडता विषय आहे आणि तो तसा असण्यात काही वावगे नाही. परंतु शेतकऱ्याच्या घरात धान्य किती राहिले याचा निर्णय त्या सूक्ष्मतेने होत नव्हता. तो हाताच्या आणि भांड्याच्या मापाने होत होता.

ही गोष्ट राज्यव्यवहाराला फार पूर्वीपासून ठाऊक होती. कौटिलीय अर्थशास्त्रात द्रोण चार प्रकारचा सांगितला आहे. राजाच्या उत्पन्नासाठी घ्यावयाचा द्रोण २०० पलांचा, बाजारातील व्यवहाराचा १८७½ पलांचा, सेवकांना धान्य देण्याचा १७५ पलांचा आणि अंतःपुरासाठीचा १६२½ पलांचा. शब्द एकच, भांडी चार. सरकारी कोठारात धान्य येताना ज्या मापाने येते त्याहून लहान मापाने ते बाहेर जाते. येथे फसवणूक लपविलेली नाही, तर ती नियम म्हणून लिहून ठेविली आहे. आणि म्हणून तिला फसवणूक म्हणणेही कठीण आहे. परंतु ज्याला नुसता 'द्रोण' हा शब्द ऐकू येतो त्याला त्यातून काहीच कळत नाही. शब्दाने प्रमाणाचा आभास निर्माण होतो; प्रमाण मात्र भांडे ज्याच्या हाती त्याच्यापाशी असते.

त्याच ग्रंथात धान्याचे माप शुष्क व टणक लाकडाचे असावे, आणि त्याची शीग मापाच्या चतुर्थांशाइतकी यावी किंवा शिगेचा भाग आतच समाविष्ट असावा, असे सांगितले आहे. संस्कृतातील या 'शिखे'ला मराठीत 'शीग' म्हणतात. पायलीच्या काठावर धान्याचा जो शंकू उभा राहतो ती शीग. 'शिगेला पोहोचणे' हा वाक्प्रचार आज उत्साह आणि संताप यांच्यासाठी सर्रास वापरला जातो, पण त्याचे मूळ धान्याच्या मापात आहे. ही शीग म्हणजे वृत्तचितीवर बसविलेली सूची होय, आणि तिच्यातच या विषयातील सर्वांत सूक्ष्म अडचण दडलेली आहे.

'लीलावती'च्या राशिव्यवहारात धान्याच्या ढिगाची उंची परिघावरून कशी काढावी हे सांगितले आहे. जाड दाण्यांच्या राशीची उंची परिघाचा दहावा भाग, बारीक दाण्यांच्या राशीची अकरावा आणि कुसळाच्या धान्याची नववा. परिघाच्या षष्ठांशाचा वर्ग करून त्यास उंचीने गुणले की घनफळ मिळते. साठ हात परिघाची जाड दाण्यांची राशी याप्रमाणे सहाशे खाऱ्या भरते. या रीतीत व्यासाच्या तिपटीइतका परिघ गृहीत धरला आहे. सूक्ष्म प्रमाण घेतल्यास उत्तर ५७३ च्या आसपास येते. एकाच ग्रंथात खड्ड्यासाठी ३९२७ व १२५०, आणि राशीसाठी केवळ तीन! ही विसंगती नसून विवेक आहे. खणलेला खड्डा नियमित असू शकतो. धान्याची राशी पूर्ण शंकूच्या आकाराची कधीच नसते. जेथे वस्तूच स्थूल आहे तेथे सूक्ष्म प्रमाणाचा आग्रह धरण्यात अर्थ नाही, हे ग्रंथकाराने ओळखले होते.

हाच नियम मापावरील शिगेस लावून पाहता येतो. एक भांडे बारा अंगुळे व्यासाचे आणि बारा अंगुळे उंचीचे आहे. दुसरे सोळा अंगुळे व्यासाचे आणि पावणेसात अंगुळे उंचीचे आहे. दोहोंचे घनफळ अगदी सारखे आहे, कारण व्यासाचा वर्ग आणि उंची यांचा गुणाकार दोन्हीकडे १,७२८ येतो. काठाशी सपाट करून मोजल्यास दोन्ही भांड्यांत तंतोतंत सारखे धान्य मावेल. पण शीग भरून मोजल्यास जाड दाण्यांचे धान्य पहिल्या भांड्यात मापाच्या दशमांशाहून किंचित अधिक वर राहते, तर दुसऱ्यात जवळजवळ चतुर्थांश. म्हणजे पसरट भांड्याने घेणाऱ्यास उभट भांड्याने देणाऱ्यापेक्षा तेरा टक्के धान्य अधिक मिळते, आणि घनफळाचे सूत्र तर कोठेही मोडलेले नसते. एकक निश्चित करावयाचे तर केवळ घनफळ सांगून भागत नाही; भांड्याचा आकार आणि भरण्याची पद्धत हीही सांगावी लागते.

या पार्श्वभूमीवर चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेखाकडे पाहिले असता त्याचा एक वेगळाच अर्थ प्रतीत होतो. हा लेख डॉ. भाऊ दाजी यांनी एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला आणि पुढे कीलहॉर्न यांनी संपादित केला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्यापन व्हावे म्हणून त्याने पाटण येथे मठ स्थापिला आणि निकुंभ कुळातील स्थानिक अधिपतींनी त्या मठास दाने दिली. लेखात शके ११२८ चा निर्देश आहे. त्याचा मोठा भाग संस्कृतात आहे. परंतु शेवटी दानांचा तपशील येतो तेव्हा भाषा मराठी होते. विकल्या जाणाऱ्या मालावरील राजभागाचे हक्क मठास दिले आहेत. जितके तेलाचे घाणे चालतील तितक्यांमागे एकेक पळी तेल मठास द्यावयाचे आहे. आणि या ठिकाणी जे काही मापावयाचे ते मठाच्या मापाने मापावे, व मापणावळीचा अर्धा भाग मठास जावा, असे सांगितले आहे. या मापणावळीस लेखात 'मापाउ' असा शब्द आहे.

लेखाची भाषा बदलते ती जागा अभ्यासकांनी नीट पाहिली पाहिजे. वंशावळ, विद्वत्ता, ग्रंथांची थोरवी ही सर्व संस्कृतात. पळी, घाणा, माप आणि मापाउ हे मराठीत. ज्यांना ही आज्ञा पाळावयाची होती त्यांच्या भाषेत ती सांगणे अवश्य होते. आणि आज्ञेचा आशय पाहिला तर असे दिसते की, ज्या मठात घनहस्त म्हणजे खारी हे सूत्र शिकविले जावयाचे, त्याच मठाचे भांडे गावच्या बाजारात प्रमाण होते. तेथे मोजणाऱ्याने हात मोजून घन काढावयाचा नव्हता. मठाचे माप आणून भरावयाचे होते. गणिताच्या शाळेचा योगक्षेम सूत्रावर नव्हे, तर मापावर चालला. यात उपहास करण्यासारखे काही नाही. ग्रामीण बाजाराला एक सर्वमान्य भांडे हवे असते आणि ते विश्वासाच्या जागी ठेवलेले असावे लागते. मठ ही तशी जागा होती. परंतु सूत्र सर्वांस खुले आणि माप एका संस्थेच्या ताब्यात, ही स्थिती या लेखाइतकी स्पष्टपणे क्वचितच नोंदविली गेली असेल.

सूत्र आणि एकक यांचे आयुष्य निरनिराळे असते, याचा आणखी एक पुरावा 'लीलावती'च्या हस्तलिखितांतच सापडतो. काही प्रतींत परिभाषा-प्रकरणात दोन अधिक श्लोक आढळतात. एकात तुरुष्कांच्या व्यवहारातील शेर आणि चाळीस शेरांचा मण सांगितला आहे. दुसऱ्यात तर आलमगीर बादशहाने ठरविलेल्या मणाचा उल्लेख आहे. बाराव्या शतकातील ग्रंथकाराने सतराव्या शतकातील बादशहाचे नाव घेणे शक्य नाही. हे श्लोक उघडच मागाहून घातलेले आहेत. संपादकाच्या दृष्टीने ते प्रक्षिप्त आहेत, पण इतिहासाच्या दृष्टीने ते बहुमोल आहेत. परिघाचे प्रमाण, वर्तुळाचे क्षेत्रफळ, खाताचे घनफळ यांत कोणालाही बदल करावासा वाटला नाही. बदलावे लागले ते एकक, कारण नव्या राजवटीत जुन्या खारीने विद्यार्थ्याचे काम भागेना.

मराठी मुलखात पुढे जी कैली मापे रूढ झाली त्यांतही हीच गोष्ट दिसते. 'कैली' हा शब्द अरबीतून आला; कोळवे, चिपटे, मापटे, शेर, पायली, मण, खंडी ही मापांची नावे मात्र निरनिराळ्या मुळांची आहेत. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, येथपर्यंत सामान्यतः एकवाक्यता आहे. त्यापुढे कोठे बारा पायल्यांचा मण, कोठे सोळा पायल्यांचा. 'कुडव' या शब्दाचे उदाहरण विशेष बोलके आहे. 'लीलावती'त तो सर्वांत लहान, खारीचा १०२४ वा भाग; गोव्यात मात्र वीस कुडवांची एक खंडी होते. शब्द टिकला, पण त्यातील धान्य बदलले. कोशातील अर्थावरून जुन्या कागदपत्रांतील धान्याचे आकडे एकमेकांशी ताडून पाहणाऱ्या संशोधकास हा सावधगिरीचा इशारा आहे. खंडीचा आकडा वाचण्यापूर्वी ती कोणत्या गावची, कोणत्या मापाची, शिगेची की सपाट, हे विचारलेच पाहिजे.

लांबी आणि भांडे यांचा दुवा पक्का करण्याचा मोठा प्रयत्न फ्रान्समध्ये झाला. ७ एप्रिल १७९५ च्या कायद्याने लिटर म्हणजे एक घन डेसिमीटर असे ठरले. हा घनहस्त आणि खारी यांच्यातील संबंधाचाच नवा अवतार होय. पुढे तेथील नियमांनी भांड्याचा आकारही बांधून दिला. धान्यासारख्या कोरड्या जिनसांची लाकडी मापे व्यासाइतक्याच उंचीची असावीत, आणि द्रव पदार्थांची कथलाची मापे व्यासाच्या दुप्पट उंचीची असावीत. याप्रमाणे धान्याच्या एक लिटर मापाचा आतील व्यास व उंची प्रत्येकी १०८.४ मिलिमीटर येते. द्रवाच्या मापाचा व्यास ८६ मिलिमीटर आणि उंची १७२ मिलिमीटर. उभट भांड्याचे कारण उघड आहे. तोंड जितके अरुंद तितकी काठाशी होणारी चूक लहान. पातळी एक मिलिमीटरने चुकली तर पहिल्या भांड्यात सुमारे ९.२ घन सेंटिमीटरांचा फरक पडतो, दुसऱ्यात ५.८ चा.

तरीही दुवा पुन्हा एकदा निखळला. १९०१ साली वजने व मापे यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने लिटरची व्याख्या पाण्याच्या वजनावरून केली. कमाल घनतेच्या एक किलोग्रॅम शुद्ध पाण्याने व्यापलेली जागा म्हणजे एक लिटर. असा लिटर एक घन डेसिमीटरपेक्षा दहा लक्षांत २८ भागांनी मोठा निघाला. १९६४ साली ही व्याख्या रद्द होऊन लिटर हे घन डेसिमीटरचेच दुसरे नाव ठरले. त्याच सुमारास भारतात १९५६ चा कायदा टप्प्याटप्प्याने अमलात येऊन पायली आणि शेर कायद्याच्या दृष्टीने मावळले होते. बोलीत ते अद्यापि शिल्लक आहेत, परंतु ते आता कोणाच्या धान्याचा निवाडा करीत नाहीत.

दहा हात व्यासाच्या त्या खड्ड्याचे उत्तर ११५० मध्ये ३९२.७ होते आणि आजही ते तेच आहे. बदलला तो त्या संख्येपुढील शब्द. खारी, द्रोण, मण, खंडी, लिटर या शब्दांचा इतिहास हा केवळ व्युत्पत्तीचा विषय नव्हे. प्रमाणभूत भांडे कोणी ठेवावे, त्याची शीग कोणाच्या पदरात पडावी आणि मापणावळीचा वाटा कोणास जावा, या प्रश्नांची निरनिराळ्या काळी दिली गेलेली उत्तरे त्यांत साठविलेली आहेत. सूत्र कोणाही विद्यार्थ्याला पाठ करता येत होते. हाताला सर्वत्र एकच हात म्हणता यावे आणि माप मठाचे, राजाचे किंवा सावकाराचे न राहता सर्वांचे व्हावे, यासाठी मात्र त्यानंतर आठ शतके जावी लागली.